अब्बा, आम्ही आणि रघुवीर घाट

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणी मुलांना घेऊन खेडला माहेरी गेलो, तेव्हा अब्बा स्टेशनवर आले नव्हते. एरवी कोकण रेल्वेची गाडी दोन तास उशिरा येवो नाहीतर पहाटे तीनला, अब्बा आपली गाडी घेऊन बाहेर उभे असायचेच. या वेळी शेजारचा मुलगा रिक्षा घेऊन आला होता. घरी पोहोचलो तर अब्बा ओटीवर खुर्ची टाकून बसलेले. सलाम झाला, मुलांना त्यांनी जवळ घेतले, प्रवास कसा झाला ते विचारले. पण गाडीबद्दल एक शब्द नाही. स्वयंपाकघरात अम्मीने हळूच सांगितले, "चावी माझ्या कपाटात आहे. भाईजानने कुवेतहून फोन करून काढून घ्यायला लावली."

झाले होते असे. उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाजारातून येताना अब्बांच्या गाडीचा एका सायकलवाल्याला धक्का लागला. त्याला फक्त खरचटले. अब्बांनी स्वतः त्याला दवाखान्यात नेले, माफी मागितली, सायकल दुरुस्त करून दिली. मग तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाल्या, नवा चष्मा आला, आणि दिवसाउजेडी गाडी चालवायला हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. पण भाईजानचे म्हणणे एकच: ७१ वर्षांच्या माणसाने आता हे सोडून द्यावे. अब्बांनी वाद घातला नाही. त्यांनी भांडण केले असते तर आम्हाला बरे वाटले असते. ते गप्प झाले होते, आणि ते गप्प बसणे घरभर जाणवत होते.

रात्री जेवताना थोरलीचा मुलगा सहज म्हणाला, "नाना, पुढच्या वेळी आम्ही कारने येणार. कशेडीचा बोगदा झालाय ना, घाट लागतच नाही."

अब्बा हसले. "बरोबर आहे. लागतच नाही," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मग खेड आलं हे कळतं कसं?"

सरळ रस्त्याची २६ वर्षे

या एका वाक्यामागे काय आहे ते मुलांना कळले नाही, आम्हाला कळले. अब्बांनी २६ वर्षे सौदीत ट्रेलर चालवला. त्यातली बरीच वर्षे दम्मामहून अमिरातीच्या सरहद्दीकडे माल नेण्यात गेली. त्या वाटेवर हरदपासून बथापर्यंत रुब अल खालीच्या वाळवंटाच्या कडेने जाणारा एक रस्ता आहे. सुमारे २४० किलोमीटर तो जवळजवळ सुतासारखा सरळ जातो. जगातल्या सर्वांत लांब सरळ रस्त्यांत त्याची गणना होते. ना वळण, ना चढ, ना झाड. अब्बा सांगतात, तिथे दोनच गोष्टींची भीती. एक, रात्री अचानक रस्त्यावर येणारा उंट. आणि दुसरी, स्वतःची झोप. स्टिअरिंग हलवायचे कामच नसल्यामुळे डोळे उघडे असून माणूस झोपतो. झोप येऊ नये म्हणून अब्बा मनातल्या मनात कशेडी घाट चढायचे. पोलादपूर सुटले, पहिले वळण, मग दरीच्या बाजूचे, मग ते मोठे. कशेडी उतरून खेड आले की पुन्हा पहिल्यापासून.

दर दोन वर्षांनी सुट्टीवर येताना मुंबईच्या विमानतळावरून रात्रीची गाडी असे. पहाटे कशेडीचा घाट लागला की अब्बा ड्रायव्हरशेजारी सरसावून बसायचे. घाट म्हणजे घर जवळ आल्याची खूण. आता महामार्ग चौपदरी झाला, परशुराम घाट रुंद झाला, कशेडीत डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचे बोगदे निघाले. जिथे पाऊण तास जायचा तिथे आता काही मिनिटे लागतात. रुग्णवाहिकेला, एसटीला, बाजारात माल नेणाऱ्याला त्याची किती सोय झाली ते आम्ही जाणतो. तक्रार कसली करणार? पण अब्बांची मनातली वाट तेवढी गेली.

त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवले की अब्बांना घाटात न्यायचे. नेऊन आणायचे नाही, त्यांच्या हाताने जायचे. घाटही असा निवडायचा जिथे गर्दी नाही, ट्रक नाहीत, घाई नाही. खेडमध्ये राहणाऱ्याला अशा वेळी लांब शोधावे लागत नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि त्या भिंतीवरून पलीकडे जाणारा रघुवीर घाट आहे.

अम्मीला पटवायला दुसरा सबंध दिवस गेला. शेवटी तिने अटी घातल्या. सकाळी निघायचे, उन्हे कलायच्या आत घरी यायचे. गाडी तीसच्या वर न्यायची नाही. अब्बांच्या शेजारी धाकटी बसेल, कारण ती पुण्यात रोज गाडी चालवते. आणि अम्मी स्वतः सोबत येणार. "काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे," ती म्हणाली आणि कपाटातून चावी काढून आणली. अब्बांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पहाटे फजरनंतर अंधारातच गाडी धुवायला घेतली.

चढण

निघताना सफरची दुआ झाली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचे सुके, मुलांसाठी सांदण आणि उकडलेली अंडी. भरणे नाक्याच्या आसपास पेट्रोल भरून घेतले, कारण पुढे पंप नाही. टायरची हवा अब्बांनी स्वतः तपासून घेतली.

महामार्ग सोडून गाडी पूर्वेकडे वळली तसा आवाज कमी झाला. भातकापणी चालू होती. कापलेल्या शेतांत पेंढ्यांच्या उडव्या, बांधावर बायकांच्या न्याहाऱ्या, रस्त्यावरच वाळत घातलेले भात. अब्बा प्रत्येक वाडीला गाडी हळू करत. उत्तरेकडे रसाळगड, सुमारगड, महिपतगडाची रांग धुक्यातून वर येत होती. खोपीजवळ धरणाचे पाणी दिसले आणि त्यापुढे रस्त्याने एकदम मान वर केली.

घाटाची वाट नागमोडी का असते, हा प्रश्न थोरलीच्या मुलाने विचारला. अब्बांनी गाडी चालवता चालवता हिशेब सांगितला. समजा डोंगर ६०० मीटर उंच आहे. सरळ वर रस्ता काढला तर तो अंतराने कमी पडेल, पण त्यावर गाडी चढणार नाही आणि उतरताना थांबणार नाही. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढायचे असा बेताचा चढ धरला, तर ६०० मीटर चढायला १२ किलोमीटर रस्ता हवा. एवढा १२ किलोमीटर लांब रस्ता डोंगराच्या एका अंगावर बसवायचा कसा? दुमडून. शिंपी लांब पट्टीच्या घड्या घालतो तसा. प्रत्येक घडी म्हणजे एक वळण. "डोंगराशी भांडण न करता वर जायचं तर असंच जावं लागतं," नाना म्हणाले. मुलाला किती समजले कोण जाणे, पण त्यानंतर तो वळणे मोजू लागला.

आणि आम्ही अब्बांकडे पाहू लागलो. खुर्चीत बसून बसून वाकलेली पाठ सरळ झाली होती. दुसऱ्या गिअरवर गाडी एका लयीत गुणगुणत होती. वळण येण्याआधी एक हॉर्न, वेग आधीच कमी, मग स्टिअरिंगचा एकच सलग फिरवा आणि वळण संपता संपता हात आपोआप जागेवर. धक्का नाही, गचका नाही. मागे बसलेल्या आम्हाला घाटात नेहमी मळमळते. त्या दिवशी आले-लिंबाची बाटली उघडावीच लागली नाही. घाटात गाडी लागते ती बहुतेक वेळा वळणामुळे नव्हे, चालवणाऱ्याच्या घाईमुळे लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

एका अरुंद जागी समोरून जीप उतरत होती. जीपवाला मागे सरकून कडेला थांबला, कारण चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा कायदा आहे. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलणे अवघड असते. अब्बांनी हात कपाळाशी नेला, त्यानेही नेला. दोघांची ओळख नव्हती. महामार्गावर शंभर गाड्या आपल्याला ओलांडून जातात, त्यातल्या एकाचाही चेहरा आपण पाहत नाही. इथे दोन तासांत पाच गाड्या भेटल्या आणि पाचही जणांशी सलाम-रामराम झाला.

उजव्या हाताला दरी उघडत गेली. एका वळणावर सारे खेड खाली दिसे, पुढच्या वळणावर नुसती काळी भिंत. हा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला बेसाल्ट. कापलेल्या कड्यात ते थर पायऱ्यांसारखे दिसतात. त्यातून अजून पाणी झिरपत होते. कडेला सोनकीची उरलीसुरली पिवळी फुले होती. पावसाळ्यात हाच झिरपा दरड होऊन रस्त्यावर येतो आणि घाट बंद पडतो. ठिकठिकाणी नव्या मातीचे ढीग कडेला सारलेले दिसत होते. अम्मी खिडकीकडे पाहत नव्हती. तिची तसबीह चालू होती. पण माथा जवळ आल्यावर तिने एकदा डोळे उघडले, खाली पाहिले आणि म्हणाली, "सुब्हानल्लाह! एवढं वर आलो गो?"

डोंगरापलीकडे

माथा ओलांडला की जिल्हा बदलतो. रत्नागिरी संपून सातारा लागतो आणि हवाही बदलते. पलीकडे कांदाटीचे खोरे. १९६० च्या दशकात कोयना धरण झाले, शिवसागर जलाशयाचे पाणी पसरले आणि या खोऱ्यातल्या गावांची साताऱ्याकडे जाणारी वाट पाण्याने अडवली. तापोळ्याला जायचे तर लाँच, नाहीतर डोंगर उतरून खेडला यायचे. हा सारा मुलूख कोयना अभयारण्याच्या शेजारचा. हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. दाट झाडीत एका उंच फांदीवर शेकरू दिसले आणि मुलांनी गाडी डोक्यावर घेतली.

तिथेच ती गोष्ट घडली. आम्ही लखलखीत उन्हातून एकदम झाडांच्या गर्द सावलीत शिरलो. रस्त्याच्या डाव्या कडेने डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई चालली होती. आम्हाला ती दिसली. अब्बांना दिसली नाही. धाकटी म्हणाली, "अब्बा, डावीकडे." अब्बांनी लगेच ब्रेक दाबला. वेग बेताचा होता, अंतर भरपूर होते. त्या बाईने मागे वळूनही पाहिले नाही. मुले शेकरूच्याच नादात होती. पण पुढचे काही क्षण गाडीत कुणी बोलले नाही. अब्बांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि गाडी पुढे घेतली.

शिंदी गावात थांबलो. मोजकी घरे, खळ्यावर नाचणीची कणसे, मोबाइलला रेंज नाही. मुंडासे बांधलेले एक आजोबा पडवीत बसले होते. त्यांनी पाणी विचारले, मग कोरा चहा आला. रस्ता नव्हता तेव्हाच्या गोष्टी निघाल्या. आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर उतरवायचा. हिरडा, तूप, मध घेऊन खेडच्या बाजारी पायी जायचे, मीठ आणि सुकी मासळी घेऊन परत चढायचे. अब्बा म्हणाले, "आमच्या वडिलांचं दुकान होतं बाजारात. मीठ, सुकी मासळी, रॉकेल." आजोबांनी दुकान कुठे होते ते विचारले. अब्बांनी खूण सांगितली. आजोबा थोडा वेळ आठवत राहिले आणि बोळक्या तोंडाने हसले. "मग तिथलं मीठ खाल्लंय आम्ही."

आमचे दादा तर आम्ही पाहिलेही नाहीत. पण त्यांच्या दुकानातले मीठ डोक्यावरून कुठवर जात होते ते त्या दिवशी त्या पडवीत आम्हाला कळले. गाडीने आलो म्हणून थकवा नव्हता. तरी त्या वाटेने ओझे घेऊन चढणाऱ्या माणसांचा विचार मनातून जाईना.

उतार

परतताना माथ्यावर एका रुंद जागी गाडी उभी केली. चाकाखाली दगड लावला. आम्ही सारे गाडीतल्या कॅनच्या पाण्याने वजू करून जोहरच्या नमाजला उभे राहिलो. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. घाटमाथ्यावर पश्चिमेला तोंड केले की समोर काय असते? पायाखाली सारे खेड, त्यापुढे कोकणाच्या टेकड्या, त्यापुढे धूसर होत गेलेला समुद्राचा अंदाज, आणि समुद्रापलीकडे तो देश, जिथे अब्बांच्या उमेदीची २६ वर्षे गेली. सलाम फेरल्यावर अब्बा कितीतरी वेळ सतरंजीवरच बसून राहिले.

भाकऱ्या झाल्या, चहा झाला. निघायची वेळ झाली तेव्हा आम्ही सवयीने मागच्या दाराकडे वळलो. अब्बा ड्रायव्हरच्या दाराशी गेले नाहीत. त्यांनी खिशातून चावी काढली आणि धाकटीच्या हातावर ठेवली.

"उतारावर तू घे."

"अब्बा, तुम्ही छान चालवताय..."

"चढताना छानच चालवली," ते म्हणाले. "पण ती मोळीवाली मला दिसली नाही. उन्हातून सावलीत गेलं की क्षणभर माझ्यासमोर काळोख येतो. घाटात ऊन-सावली तर चालूच असते. समोरचं दिसत नसेल त्याने चावी देऊन टाकावी."

अम्मीने मान फिरवली. आमच्याही घशात काहीतरी दाटले. भाईजानने फोनवरून काढून घेतलेली चावी आणि अब्बांनी स्वतःच्या हाताने दिलेली चावी, लोखंड तेच. पण दोन्हींत फार फरक होता.

मग तो उतार म्हणजे एक शाळाच झाली. अब्बा शेजारी बसून बोलत होते. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं. गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. दोन रुपयांचं पेट्रोल वाचेल आणि ब्रेक हातचे जातील. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, तापले की लागत नाहीत. जळका वास आला तर थांब, गार होऊ दे. वळणावर आपली बाजू सोडायची नाही, रस्ता रिकामा दिसला तरी. आंधळं वळण आलं की हॉर्न दे आणि काच खाली ठेव. डोळ्यांना दिसत नाही ते कानांना ऐकू येतं. ओल्या कडेवर शेवाळ असतं, तिथे चाक नेऊ नकोस. दरीकडे बघू नकोस; जिथे बघशील तिकडे गाडी जाईल. जिकडे जायचं तिकडे बघ.

पहिल्या चार-पाच वळणांना धाकटीचे हात घट्ट होते. पुण्याच्या रस्त्यांवर ती सराईत. पण तिथे नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर असते. इथे नजर फक्त पुढच्या वळणापर्यंत जाते आणि तेवढीच पुरते. हळूहळू हात सैल झाले. चढताना पाहिलेली ती लय तिच्या हातांत येऊ लागली: हॉर्न, वेग कमी, सलग फिरवा, हात जागेवर. एकामागून एक घड्या उलगडत गेल्या. बोलणे कमी झाले. मुले झोपली. घाटात गाडी चालवण्याचे सुख म्हणतात ते हेच असावे. काल काय झाले आणि उद्या काय होईल ते मनात येत नाही. हे एक वळण नीट घ्यायचे, मग पुढचे.

अर्ध्या घाटात आमच्या लक्षात आले की अब्बा आता सूचना देत नाहीत. त्यांनी सीट थोडी मागे केली होती आणि ते खिडकीबाहेर पाहत होते. आयुष्यभर चालवणारा माणूस पहिल्यांदा घाट पाहत होता.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी कुणाला या वाटेने जायचे असेल तर पावसाळा टाळावा. दरडी कोसळतात आणि घाट बऱ्याचदा बंद असतो. पावसानंतरचे महिने उत्तम. घाट चालू आहे की नाही ते खेडमध्ये विचारूनच निघावे. पेट्रोल, पाणी, खाणे आणि औषधे सोबत घ्यावीत; वर दुकाने आणि रेंज यांचा भरवसा नाही. सकाळी निघून दिवसाउजेडी परतावे. मुलांना पोटभर खाऊ घालून लगेच घाटात नेऊ नये. आणलेला कचरा परत न्यावा. ते जंगल आहे आणि तिथे माणसे राहतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय येऊ नये.

संध्याकाळी घरी आल्यावर अब्बांनीच भाईजानला फोन लावला. "घाटात गेलो होतो. चढताना मी, उतरताना धाकटी," एवढेच सांगितले. पलीकडून भाईजान बराच वेळ काहीतरी बोलत होता. अब्बा ऐकत होते, मधून मधून हसत होते. मग म्हणाले, "तू आलास की तुलाही नेऊ. तू चालव, मी शेजारी बसेन. वळणं मला पाठ आहेत."

चावी आता अम्मीच्या कपाटात नाही. ओटीवरच्या खिळ्याला टांगलेली असते. जो चालवणार असेल त्याने घ्यावी.